दीड किलोमीटर पुढे

बस दीड किलोमीटर पुढे न्यायची, एवढंच माझं म्हणणं होतं. मी काही बोगदा खणा म्हणत नव्हतो, पूल बांधा म्हणत नव्हतो. जी बस रोज सकाळी आमच्या दारावरून जाते तीच बस, तोच ड्रायव्हर, फक्त जिथून परत फिरते तिथून परत न फिरता आणखी दीड किलोमीटर जाऊ दे. एवढ्याशा कामासाठी पाच महिने, दोन जोड चपला आणि शेजारीपाजारी कमावलेली सगळी अब्रू खर्ची पडेल, असं कुणी मला आधी सांगितलं असतं तर... तर मी तरीही ते काम केलं असतं. पण जरा बऱ्या चपला घालून केलं असतं.

त्या बसच्या शेवटच्या थांब्याचं नाव ‘घड्याळ कारखाना’. तिथे मी तेवीस वर्षं तपासनीस होतो. गजराचं घड्याळ कानाशी धरायचं, नीट वाजतंय ना ऐकायचं आणि मागे शिक्का मारायचा. पुढे लोक मोबाइलच्या गजरावर उठायला लागले आणि आमचा कारखाना कायमचा झोपला. याला आता दोन वर्षं झाली. बसला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. ती रोज सकाळी इमानेइतबारे त्या गंजलेल्या फाटकापाशी यायची, भरलेली माणसं ओतायची आणि वळून जायची.

आणि ती माणसं? ती पुढे चालत जायची. कारण कामं पुढे सरकली होती. गावाबाहेरून बाह्यवळण रस्ता गेला, त्याच्या कडेनं पत्र्याची अवाढव्य गोदामं उभी राहिली, आणि साऱ्या जगाची पार्सलं तिथे भरली जाऊ लागली. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या गोदामात माझ्या बायकोला पॅकिंगचं काम मिळालं. आमच्या कारखान्यातले निम्मे लोकही तिथेच लागले. मीही गेलो होतो. “अनुभव कसला?” त्यांनी विचारलं. “गजर ऐकण्याचा,” मी म्हणालो. मुलाखत तिथेच संपली.

बस सकाळभर सहा फेऱ्या मारायची, प्रत्येक फेरीला गोदामाची एक पाळी; बायकोची पाळी पहिली, सात वाजून दहा मिनिटांची. बस फाटकापाशी यायची सहा पन्नासला. म्हणजे वीस मिनिटांत दीड किलोमीटर. एका अंगाला ट्रक, दुसऱ्या अंगाला उघडं गटार, मधे चालायला हातभर जागा. बस पाच मिनिटं उशिरा आली की संपलं. गोदामाच्या दारावरचं यंत्र सात अकराला तुमच्या नावापुढे लाल शेरा मारतं. महिन्यात तीन लाल शेरे पडले की नाव कमी. यंत्राला गयावया करता येत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य.

एका संध्याकाळी बायको घरी आली ती एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला घेऊन. मोरीत गेली, पाय धुतला, बूट पालथा करून ठेवला. मग म्हणाली, “दुसरा शेरा पडला.”

घरात मिळवती ती एकटी. मी दिवसभर घरात बसून भांडी घासण्यात बरीच प्रगती केली होती, पण प्रगतीला पगार नसतो. मी तो पालथा बूट भिंतीला नीट टेकवून ठेवला.

“मी ही बस पुढे नेतो,” मी म्हणालो.

“तुम्ही चालवणार?”

“अर्ज करतो.”

ती घाबरली. “अहो, नको! मागे तुम्ही पाण्यासाठी अर्ज केला होता तर आपलाच नळ तोडून गेले.”

“ती त्यांची चूक होती. अर्ज उत्तम होता.”

अर्ज म्हटलं की आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना वळसा घालून जाता येत नाही. त्यांना वासच येतो. मी कोरे कागद घेऊन जिना चढत होतो तेवढ्यात दार उघडलं. “कुणाला लिहिताय?” मी सांगितलं. त्यांनी मला आत ओढलं, चष्मा पुसला आणि दीड तास सल्ला दिला. अर्ज तीन प्रतींत हवा. पहिली प्रत हरवण्यासाठी, दुसरी ‘आमच्याकडे आलीच नाही’ म्हणण्यासाठी आणि तिसरी त्यांच्या तोंडावर धरण्यासाठी. शेवटी ‘आपला नम्र’ लिहायचं नाही, माणूस नम्र दिसला की कागद खाली जातो. मी ‘आपला’ एवढंच लिहिलं. ते वाचून बस कचेरीतल्या साहेबांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं.

साहेब मात्र सज्जन होते. आवाज चढवायचे नाहीत. एखाद्या भिंतीशी बोलावं आणि भिंतीनं नम्रपणे उत्तर द्यावं, तसं आमचं बोलणं झालं.

“पुढच्या थांब्यावरून रोज किती प्रवासी चढतात?” त्यांनी विचारलं.

“पुढे थांबाच नाही, साहेब.”

“म्हणजे शून्य.” त्यांनी शून्य लिहिलं. “जिथे शून्य प्रवासी आहेत तिथे थांबा देता येत नाही.”

“पण थांबा नाही म्हणूनच शून्य आहेत ना! सगळे घड्याळ कारखान्याला उतरतात.”

त्यांनी दुसरी फाईल उघडली. “हो, खरंच. रोज सकाळी चारशेच्या घरात. तो आमचा फार लोकप्रिय थांबा आहे. तो हलवा म्हणता?”

“अहो, तो कारखाना बंद आहे! लोक तिथे उतरून पुढे चालत जातात.”

“उतरल्यावर लोक कुठे जातात,” साहेब शांतपणे म्हणाले, “हे आमच्या खात्यात येत नाही.”

मी उठलो नाही. आमच्या घराण्यात हुशारी बेताचीच, पण चिकाटी पिढीजात. शेवटी ते म्हणाले, “पुढे चालत किती जातात त्याची मोजणी आणा, मग बघू.”

दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्याच्या फाटकापुढे, जिथून तो हातभर रस्ता सुरू होतो तिथे, किराणा दुकानाशेजारी स्टूल टाकून बसलो. पांढरा सदरा, छत्री, मांडीवर जाड वही. एक माणूस गेला की एक रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. दोन वर्षांनंतर हाताला पुन्हा हुद्दा आल्यासारखं वाटलं. शेजारचा पंक्चरवाला तिसऱ्यांदा माझ्यासमोरून गेला आणि न राहवून म्हणाला, “काय चाललंय?”

इथे माझं चुकलं. ‘माझी बायको गोदामात कामाला आहे, तिच्यासाठी माणसं मोजतोय’ हे साधं उत्तर होतं. पण स्टुलावर बसलेल्या माणसाला साधं उत्तर सुचत नाही. मी वहीवरून नजर न काढता म्हणालो, “मोजणी चालू आहे.”

दुपारपर्यंत सगळ्या वस्तीत पसरलं की रस्ता रुंद होणार. संध्याकाळी पंक्चरवाल्यानं दुकानापुढचं छप्पर स्वतःच उतरवलं. किराणावाले दोन दिवस मला चहा आणून देत होते; मला वाटलं, माणूस दिलदार आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच वाकून विचारलं, “साहेब, आमच्या बाजूनं किती फूट?”

मला वाटलं, माझं स्टूल त्यांच्या गिऱ्हाइकाच्या वाटेत येतंय. मी म्हणालो, “दोनेक फूट सरकलं तरी पुरे.”

त्यांनी कृतज्ञतेनं माझा हात हातात घेतला. मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर त्यांनी दुकानाचा ओटा दोन फूट फोडून टाकलेला!

खरी गोष्ट उघडकीला यायला आणखी चार दिवस लागले, आणि ती मीच उघड केली, कारण खोटं निभावण्याइतकी माझी स्मरणशक्ती चांगली नाही. त्या संध्याकाळी किराणावाले ओट्याची एक फरशी हातात घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मागे पंक्चरवाला. त्यांच्या मागे, वर काही घडतंय म्हणून, पोस्टमास्तर.

“सरकारी माणूस नाही तुम्ही?” किराणावाले म्हणाले.

“मी तसं कधी म्हणालो?”

“नाही म्हणालात, पण बसलात तसे!”

बायको नुकतीच कामावरून आली होती. तिनं एकदा फरशीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि किराणावाल्यांना म्हणाली, “भाऊ, उद्यापासून हे येतील तुमच्याकडे. ओटा बांधून होईपर्यंत.” अशा रीतीनं घड्याळ कारखान्याच्या माजी तपासनिसानं तीन दिवस विटा वाहिल्या. रोज सकाळी कामाला निघालेले चारशे लोक माझ्यासमोरून जात होते. त्यातले कित्येक पूर्वी मला ‘सर’ म्हणायचे. एकानं तर खिशातून कागद काढून विटा मोजायला सुरुवात केली. मी विटा वाहता वाहता त्यांना मोजत होतो. मोजणी बुडवली नाही, हे मला नमूद केलंच पाहिजे.

आकडा आला चारशे बारा. मी वही साहेबांपुढे ठेवली.

“ही खासगी मोजणी झाली,” ते म्हणाले. “खात्याची व्हायला हवी. आम्ही माणूस पाठवतो.”

त्यांनी खरंच माणूस पाठवला. नेमका गोदामाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. त्या माणसानं सकाळभर उन्हात बसून मन लावून मोजणी केली. मी धावत जाऊन त्याला सांगितलं की अहो, आज सुट्टी आहे. त्यानं माझीही नोंद केली. अहवाल आला: ‘पादचारी चार. पैकी एक अर्जदार स्वतः. एक कुत्रा, प्रवासी नसावा.’

त्या आठवड्यात बायकोला पुन्हा एक शेरा पडला. महिना नवा होता, म्हणून तो पहिलाच. ती रोज दहा मिनिटं लवकर निघायला लागली, पण आधीची बसच नव्हती, त्यामुळे ती लवकर निघून थांब्यावर दहा मिनिटं जास्त उभी राहायची. हे तिला मी दाखवून दिलं तेव्हा ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

मग मी वेगळं धोरण धरलं. रोज सकाळी घरातलं आवरायचं आणि साहेबांच्या टेबलासमोरच्या बाकावर जाऊन बसायचं. भांडायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं. पहिल्या आठवड्यात शिपाई मला ‘काम काय?’ विचारायचा. दुसऱ्या आठवड्यात झाडताना ‘पाय वर घ्या’ म्हणायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तो रजेवर गेला तेव्हा फायली इकडून तिकडे मी नेल्या. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे अर्ज दिला. मी तीन प्रती मागितल्या.

तेविसाव्या दिवशी साहेबांनी पेन खाली ठेवलं. “समजा दिली बस,” ते म्हणाले, “तर ती तिथे वळेल का?”

“वळेल.”

“लेखी द्याल?”

मी टेप घेऊन धावलो. बायको आधी शिवणकाम करायची, तिची ती कापडी टेप. गोदामाच्या फाटकासमोरची जागा मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्यावर बसून मोजली. भरपूर! बसच काय, आगगाडी वळली असती. मी लेखी दिलं, तीन प्रतींत. चाचणी फेरी मंजूर झाली.

एक बारीक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. मीही मोजायला गेलो होतो तो साप्ताहिक सुट्टीचाच दिवस होता.

चाचणीच्या सकाळी बस खच्चून भरली होती. पुढच्या बाकावर साहेब, मांडीवर फाईल. खिडकीपाशी माझी बायको. त्या महिन्यात तिचे दोन शेरे आधीच पडले होते, आणि तो विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो. मी ड्रायव्हरच्या शेजारी उभा, एखाद्या जहाजाच्या कप्तानासारखा. घड्याळ कारखाना आला आणि बस थांबली नाही! आत सत्तर माणसं एकदम खिडक्यांकडे वळली. आजवर ज्या रस्त्यानं ती कधी गेली नव्हती त्या रस्त्यानं बस पुढे निघाली. किराणावाल्यांनी ओट्यावरून हात हलवला. मीही कप्तानासारखा हात वर केला. सहा मिनिटांत आम्ही गोदामापाशी पोचलो. सातला चार मिनिटं कमी.

फाटकासमोर दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते. ओळीनं. एकाला एक चिकटून.

“काका,” ड्रायव्हर म्हणाला, “जागा कुठेय?”

“होती,” मी म्हणालो.

मागेही ट्रक येऊन लागायला लागले. बस वळल्याशिवाय प्रवासी उतरवायचे नाहीत असा चाचणीचा नियम होता, तेव्हा आता थोडं मागे घेऊन तिरकं काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी उडी मारून उतरलो आणि बसच्या मागे जाऊन उभा राहिलो. माझ्या कागदावर बस वळत होती, तेव्हा ती वळलीच पाहिजे होती. “येऊ द्या,” मी ओरडलो. “येऊ द्या... येऊ द्या...” माझी नजर उजवीकडच्या ट्रकवर होती. डावीकडे गटार होतं. मागचं चाक आवाज न करता, अगदी सभ्यपणे गटारात उतरलं. बस कलली आणि दाराच्या बाजूनं गटारापलीकडच्या ट्रकला टेकली. दार उघडेना. फाटक पन्नास पावलांवर, आणि सत्तर माणसं डब्यात बंद.

सात वाजून दोन मिनिटं. चार मिनिटं. आतून लोक माझ्या खानदानाचा उद्धार करायला लागले. पुढे ट्रक, मागे ट्रक, सगळे भोंगे वाजवताहेत. तेवीस वर्षं मी गजर ऐकले, पण असा नाही. सात अकरा झाले ते मी माझ्या मनगटावर पाहिलं. बायकोच्या खिडकीकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही.

गोदामातून मॅनेजर बाई धावत बाहेर आल्या. “ही बस कुणी आणली?”

सत्तर हात खिडक्यांतून बाहेर आले आणि माझ्याकडे वळले. साहेबांचाही.

“तुम्ही कोण?”

“मी... तपासनीस,” मी म्हणालो.

“कुठले?”

“मॅडम, ते माझे मिस्टर आहेत,” खिडकीतून बायको म्हणाली. “त्यांचं राहू द्या, माझं ऐका. आत तुमच्या अंगणात रोज पन्नास ट्रक वळतात. ही एक बस आत घ्या, वळवून बाहेर काढा. सुटलात तुम्ही.”

“बाहेरची गाडी आत येत नाही. नियम आहे.”

“मग राहू दे बाहेर.” बायकोनं पिशवी मांडीवर नीट ठेवली, जणू ती सहलीला आली होती. “आम्ही सत्तर जण इथे बसतो. आत पॅकिंग कुणाकडून करून घेता बघा. आणि केलेलं पॅकिंग कुठल्या रस्त्यानं बाहेर पाठवता तेही बघा.”

बसमध्ये कुणीतरी “बरोबर!” म्हणालं. मग सगळेच म्हणाले. मॅनेजर बाईंनी बसकडे पाहिलं, ट्रकांच्या रांगेकडे पाहिलं.

“आणि लाल शेरा?” बायकोनं विचारलं. “आज एकदम सत्तरांना पडला असेल. किती जणांची नावं कमी करणार?”

मॅनेजर बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग फाटकाकडे वळून ओरडल्या, “उघडा रे! दोर आणा! आणि त्या यंत्राचा आजचा हिशोब काढून टाका, मी बघते!”

एका ट्रकनं दोर लावून बस ओढून काढली. बस फाटकातून आत गेली, विस्तीर्ण अंगणात एक गोल फेरी मारून ऐटीत उभी राहिली. अर्धं मिनिटही लागलं नाही. माणसं टाळ्या वाजवत उतरली. बायको माझ्याजवळून जाताना थांबली. मी म्हणालो, “पाच महिने हे माझ्या डोक्यात का आलं नाही?”

“तुम्ही बाहेरून मोजत होतात,” ती म्हणाली. “मी रोज आत असते.” आणि पळाली कामाला.

साहेब तिथेच बॉनेटवर फाईल ठेवून अहवाल लिहीत होते. मी डोकावलो. ‘प्रवासी: पुरेसे. वळण: गोदामाच्या आत, संमतीने. अडथळा: एक.’

“अडथळा कोणता, साहेब?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाईल मिटली.

तीन आठवड्यांनी बस कायमची पुढे गेली. थांब्यावर ‘गोदाम फाटक’ अशी पाटी लागली. तीन महिन्यांत पंक्चरवाल्यानं आपलं दुकान तिकडे हलवलं, किराणावाल्यांनी तिथे दुसरं दुकान काढलं (ओटा स्वतः मोजून बांधला, मला बोलावलं नाही), आणि आता तिकडे घरंही उठायला लागली आहेत. पोस्टमास्तर सगळ्यांना सांगतात की बस त्यांच्या अर्जामुळे आली. मी वाद घालत नाही. बायको सातच्या आत पोचते, बाकावर बसून पाय पुढे पसरते आणि पाळी सुरू व्हायची वाट बघते. तेवढं मला पुरे आहे, असं मी स्वतःला सांगत होतो.

मग एक दिवस साहेबांनी निरोप पाठवून बोलावलं. मी भीत भीत गेलो. शिपायानं उठून मला बसायला खुर्ची दिली. सवयीनं मी बाकावरच बसलो.

“नव्या वस्त्यांत प्रवासी मोजायला माणसं भरतोय,” साहेब म्हणाले. “तुमच्याइतका चिकट माणूस आमच्या खात्यात नाही. आणि खात्याबाहेर तुम्ही आम्हाला परवडत नाही. उद्यापासून या.”

त्यांनी पत्र दिलं. मी ते रस्ताभर हातात धरून घरी आणलं, घडीसुद्धा घातली नाही. बायकोनं ओले हात पुसून ते घेतलं, दोनदा वाचलं. शहराच्या दुसऱ्या टोकाची कुठलीशी नवी वसाहत, सकाळी साडेसहाला हजर व्हायचं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि लगेच तिच्या कपाळावर आठी पडली.

“अहो, इतक्या लांब? तिथे बस जाते का?”

“जात नाही ना,” मी म्हणालो. “म्हणून तर मला नेमलंय.”